गाड्या झोपतात कुठे?

निफाडसारख्या स्टेशनात मालगाडी बाजूच्या लूप लाइनवर उभी करून मागची मेल पुढे काढलेली तुम्ही पाहिली असेल. मालगाडीला तेवढी उसंत असते. मुंबईच्या लोकलला ती कुठली? एका मार्गावर दर 3 मिनिटांनी गाडी सोडली, तर तासाला 20 गाड्या होतात. त्यांत मेल घुसली की मागच्या लोकल खोळंबल्याच! म्हणून ठाणे ते दिवा पाचवा व सहावा मार्ग टाकला. तो 2022 साली सुरू झाला.

पण नुसते मार्ग वाढवून भागत नाही. रात्री गाड्या ठेवायच्या कुठे? कुर्ला, कळवा, सानपाडा येथे त्यासाठी कारशेड आहेत. आता समजा, पहाटेची पहिली लोकल कल्याणहून सुटायची आहे आणि गाडी आहे कुर्ल्याला. ती रिकामीच न्यावी लागेल. आणि रिकामी गाडीदेखील भरलेल्या गाडीइतकीच वाट अडवते.

शिवाय 12 डब्यांची गाडी 15 डब्यांची केली, तर एकेक डबा सुमारे 20 मीटरांचा, म्हणजे शेडमधला रूळही 60 मीटरांनी जास्त लांब हवा. भिंतीपलीकडे वस्ती असेल, तर हे 60 मीटर आणायचे कुठून?