माणूस समुद्रात की समुद्रावर?



आपली काही पोरं आता घाट उतरून बंदरावर, बोटीवर नोकरीला जातात. तिथले अर्ज, निरोप, अहवाल बहुधा इंग्रजीत. बाकी शब्द येतात. अडतं ते इन, ऑन आणि ॲट या चिमुकल्या शब्दांपाशी. आपले ‘त’ आणि ‘वर’ नामाला मागून चिकटतात, हे शब्द नामाच्या आधी वेगळे उभे राहतात. शिवाय प्रत्येक ‘वर’ला ऑन चालतंच असं नाही.

आधी घरचं उदाहरण. नंबरची वाट पाहणारा गाडीवान काट्यापाशी आहे, म्हणजे ॲट. गाडी काट्यावर चढली की ऑन. ट्रकच्या केबिनमधला ड्रायव्हर इन, उसाच्या मोळ्यांवर बसलेला मजूर ऑन.

आता रायगड किनाऱ्यावरचं दिघी घ्या. श्रीवर्धन तालुक्यातलं हे बंदर राजपुरी खाडीच्या काठी आहे. पलीकडे मुरूड तालुक्यातलं आगरदांडा, मध्ये गाड्या नेणारी फेरीबोट. बोटीची वाट पाहणारा ॲट द जेट्टी. बोटीत चढला की ऑन द फेरी. मात्र लहान होडीत बसला तर इन द बोट. साधी खूण अशी: ज्यात उठून हिंडता येतं त्या बस, रेल्वे, जहाजाला ऑन, जिथे बसूनच राहावं लागतं त्या मोटारीला, होडीला इन.

खरी गडबड समुद्रापाशी होते. जहाजावरून सफरीला गेलेला माणूस ॲट सी. इन द सी म्हटलं, तर तो पाण्यात आहे! आणि आपण ‘समुद्रावर फिरायला गेलाय’ म्हणतो, तो असतो ऑन द बीच.

हा नुसता व्याकरणाचा काथ्याकूट नव्हे. जहाजांवर नाना देशांची माणसं असतात, म्हणून आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००१ साली जहाजांसाठी ठरावीक इंग्रजी वाक्यं मंजूर केली. संकटाची हाक रेडिओच्या १६ नंबरच्या चॅनेलवर जाते. तटरक्षक दलाचा शोध-बचावाचा फोन १५५४. ऐकणाऱ्याला आपल्या मनातलं दिसत नाही. ‘ऑन बोर्ड’ ऐकलं, तर तो माणूस बोटीवरच आहे असं समजेल. ‘इन द वॉटर’ ऐकलं, तर पाण्यात शोध सुरू होईल.

तेव्हा मुलांना एवढंच सांगावं: तोंड उघडण्याआधी पाहा, माणूस आत आहे, वर टेकलाय, की नुसता त्या ठिकाणी आहे? उत्तर मराठीत नक्की झालं की इंग्रजी शब्द सहसा चुकत नाही. ‘ॲट सी’सारखे अपवाद मात्र पाठच करावेत.