पट्टी सांगा, मग बोलू

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तानपुऱ्याची ऑर्डर द्यायला गेलं की किमतीची गोष्ट बरीच मागाहून निघते. आधी विचारतात, 'कुणासाठी?' आणि लगेच, 'पट्टी कुठली?' माझ्या मुलीची पट्टी पांढरी चार. हे उत्तर मला पाठ होतं, कारण ते न सांगता केलेली एक खरेदी मला चांगलीच महागात पडली होती.

तिचा पहिला तानपुरा शहरातल्या एका दुकानातून तयार आणला होता. मुलगी गाणार, तेव्हा लेडीज तानपुरा, एवढाच हिशेब मी केला. दुकानदारानंही अधिक काही विचारलं नाही. तिचा आवाज ढाला आणि तो तानपुरा काळी चार-पाचला बोलणारा. पांढरी चारला उतरवला की तारा सैल पडायच्या, खर्ज नुसता खडखडायचा. जाड तारा चढवून पाहिल्या, तर आवाज बसला. वर्षभर ती पोर त्या तानपुऱ्याशी झगडत गायली, आणि दोष आपल्या गळ्यात आहे असं समजत राहिली. याचंच मला जास्त वाईट वाटतं.

दुसऱ्या वेळी आम्ही दोघी मिरजेला गेलो. कारखाना म्हणजे घराचीच पुढची खोली. वडील, दोन मुलं आणि एक पुतण्या. 'चाचा, पांढरी चार,' असं मी सांगितलं, तरी त्यांनी मुलीला म्हटलं, 'बेटा, जरा सा लाव.' तिनं सा लावला. मग खाली मंद्रात कुठवर जातेस, असं विचारलं. तेही ऐकून झाल्यावर तारेचा बोलणारा भाग किती लांब ठेवायचा हे ठरलं. लेडीजपेक्षा मोठा, जेंट्सपेक्षा लहान. त्या मापाला साजेसा भोपळा मग माळ्यावरून खाली आला.

या भोपळ्याबद्दल थोडं सांगायला हवं. तो भाजीचा नव्हे, कडू भोपळा. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे शेतकरी तो खास वाद्यांसाठी लावतात आणि वेलावरच पिकू देतात. वाळलेला भोपळा भिजवून कापतात, आतला गर आणि बिया खरवडून काढतात, आकार धरावा म्हणून आत काठ्यांचा ताण देऊन पुन्हा वाळवतात. पुरुषांच्या तानपुऱ्याला पन्नास इंचांच्या आसपास घेराचा भोपळा लागतो, आणि तसा निर्दोष भोपळा सहज मिळत नाही. अवकाळी पावसानं पीक नासलं की पुढे मिरजेतल्या ऑर्डरी रखडतात. म्हणून 'महिन्याभरात द्या' असा धोशा लावू नये. दांडी आणि तबली तूनच्या लाकडाची. लाकूड मुरलेलं नसेल तर पुढे दांडी वाकते. जोड सरसाचे, वर चपड्याच्या पॉलिशचे हात. आमच्या तानपुऱ्याला अडीच महिने लागले.

ही विद्या इथं रुजली ती एकोणिसाव्या शतकात. हत्यारांची मागणी ओसरल्यावर फरीदसाहेब शिकलगार तंतुवाद्यांकडे वळले आणि त्यांच्या घराण्यातून हा धंदा वाढला. शिकलगारांचे सतारमेकर झाले. अब्दुल करीम खाँसाहेबांसारखा गवई मिरजेत राहिला. मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे आणि उरुसात तिथं गाणं होतं. कारागिराच्या दारात असा कान असणं ही किती मोठी गोष्ट! २०२४ मध्ये 'मिरज सितार' आणि 'मिरज तानपुरा' यांना भौगोलिक मानांकन मिळालं, ते योग्यच झालं.

आमचा तानपुरा ताब्यात घ्यायच्या दिवशी चाचांनी जवारी आमच्यासमोर काढली. घोडीचा माथा सपाट दिसतो, पण त्याला अगदी किंचित उतार असतो. तार त्या उतारावर घासत कंप पावते, म्हणून आवाजाला ती झार येते. चाचा कानशीनं दोन हात मारायचे, घोडी परत बसवायचे, तार चढवायचे, छेडायचे. मान हलायची नाही. परत तार उतरवायची, परत कानस. तासाभरानं तारेखाली दोरा सरकवला, केसभर पुढे, केसभर मागे, आणि एका जागी तो खर्ज असा काही उमलला की त्यातून गंधार स्पष्ट ऐकू आला. चार तारांत गंधाराची तार कुठंच नाही: पंचम, दोन जोड आणि खर्ज. मुलगी माझ्याकडे बघत राहिली.

सी. व्ही. रामन यांनाही याचं कुतूहल होतं. तार मधोमध छेडली तर तिच्यातले काही स्वरांश ऐकूच येऊ नयेत, असं शास्त्र सांगत होतं. तानपुऱ्यात मात्र ते भरपूर ऐकू येतात, आणि ही करामत त्या रुंद घोडीची आणि दोऱ्याची आहे, हे त्यांनी १९२१ मध्ये मांडलं. चाचांचं शिक्षण बेताचं. पण तेच गणित ते रोज बोटांनी सोडवतात. मोबाइलमधला तानपुरा प्रवासात सोयीचा आहे, आम्हीही वापरतो. पण समोर ठेवलेल्या भोपळ्याचा नाद मांडीला जाणवतो, गळा आपोआप त्यात मिसळतो, हा अनुभव त्यात नाही.

नक्षीवर फार पैसा घालू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. वेलबुट्टी सुंदर दिसते, तिला कारागिराचे दिवस लागतात, पण ती गात नाही. तो पैसा चांगल्या भोपळ्याला आणि जुन्या लाकडाला द्या. आणि तानपुरा घरी आला म्हणजे व्यवहार संपला असंही नाही. तारांनी घोडीवर बारीक खाचा पडतात, जवारी बंद होते, मग ती पुन्हा काढावी लागते. ज्या घरानं वाद्य केलं त्याच घरी ते न्यावं.

ऑर्डर द्यायची असेल तर एवढं करा: फोनवर माप सांगू नका, गाणाऱ्याला बरोबर न्या. पट्टी अजून पक्की झाली नसेल तर आधी गुरूंना विचारा, आणि ते हो म्हणेपर्यंत ऑर्डर थांबवा.