मेट्रोच्या पायऱ्या ते दहा किलोमीटर

आमच्या घराची चिक्कडपल्लीतली ही तिसरी पिढी. मेट्रो सुरू झाली तेव्हा सगळ्यात जास्त आनंद मला झाला होता, कारण ऑफिसला जाताना आरटीसी क्रॉस रोड्सच्या गर्दीतून सुटका झाली. तीन वर्षांपूर्वी डिसेंबरमध्ये एका सकाळी स्टेशनची लिफ्ट आणि सरकता जिना दोन्ही बंद होते. पायऱ्या चढून फलाटावर पोहोचले तेव्हा मला इतका दम लागला होता, की समोर आलेली गाडी मी सोडून दिली. तेव्हा मी एकोणचाळीस वर्षांची होते.

मनात धस्स झालं, कारण माझ्या आईला मधुमेह होता. पायाची जखम बरी होत नाही म्हणून तिचा एक अंगठा काढावा लागला होता. ‘वेळेवर चालले असते तर...’ असं ती नंतर नेहमी म्हणायची. दुसऱ्याच आठवड्यात मी रक्त तपासलं. तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए1सी, 6.1 निघाली. 5.7 ते 6.4 हा मधुमेहाच्या उंबरठ्याचा पट्टा. म्हणजे परत फिरायला अजून वाट होती.

1 जानेवारीला नवे बूट घालून मी इंदिरा पार्क गाठलं. रोज पाच किलोमीटर धावायचं आणि तीन महिन्यांत दहा किलो वजन कमी करायचं, असा संकल्प होता! पण नव्याचे नऊ दिवस. बाराव्या दिवशी नडग्या इतक्या दुखायला लागल्या की जिना उतरवेना. बूट कपाटात गेले. घरात कुणी काही बोललं नाही, पण मुलाने विचारलं, “आई, तू मला क्लास अर्धवट सोडू देत नाहीस ना?” उत्तर देता आलं नाही.

मार्चमध्ये पुन्हा सुरुवात केली, पण या वेळी आधी थोडं वाचलं. जोश क्लार्क नावाच्या अमेरिकी माणसाने 1996 मध्ये नवशिक्यांसाठी नऊ आठवड्यांची एक पद्धत आखली होती. आठवड्यातून फक्त तीन दिवस. पहिल्या आठवड्यात पाच मिनिटं भराभर चालायचं, मग एक मिनिट हळू धावायचं आणि दीड मिनिट चालायचं, असं वीस मिनिटं. मधल्या दिवशी विश्रांती, कारण हृदय आणि फुप्फुसं लवकर तयार होतात, पण हाडं आणि स्नायूबंध यांना जास्त वेळ लागतो. जानेवारीत माझं नेमकं इथेच चुकलं होतं.

नऊ आठवड्यांचं काम मला चौदा आठवडे लागलं. एप्रिल-मे मध्ये हैदराबादचं ऊन सात वाजताच चटके देतं, म्हणून साडेपाचला बाहेर पडायचे. रात्रीच बूट दाराशी आणि कपडे खुर्चीवर ठेवायचे. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर धावलेल्या दिवसाभोवती लाल गोल काढायचे. वजन सांगेल ते सांगो, गोल तर माझ्या हातात होते! जूनअखेर एकदाही न थांबता पाच किलोमीटर झाले.

मग ऑगस्टअखेरच्या हैदराबाद मॅरेथॉनमधल्या दहा किलोमीटरसाठी नाव नोंदवलं. शर्यतीला दहा दिवस असताना डेंग्यू झाला. त्या रविवारी सकाळी मी अंथरुणात पडून होते, आणि तापापेक्षा रडूच जास्त येत होतं.

त्या दिवसांत मी अविनाश साबळेबद्दल वाचलं. बीड जिल्ह्यातल्या मांडवा गावचा हा मुलगा सैन्यात गेल्यावर धावायला लागला. 2018 मध्ये त्याने 3000 मीटर स्टीपलचेसचा 37 वर्षं जुना राष्ट्रीय विक्रम मोडला. वेळ होती 8 मिनिटं 29.80 सेकंद. 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याचं सुवर्ण अवघ्या पाच शतांश सेकंदांनी हुकलं. तो थांबला नाही. पुढच्याच वर्षी त्याने आशियाई स्पर्धेचं सुवर्ण जिंकलं आणि 2024 मध्ये पॅरिसला 8 मिनिटं 9.91 सेकंदांची वेळ दिली. म्हणजे सुमारे वीस सेकंद कमी करायला जवळजवळ सहा वर्षं! मग माझं एक वर्ष पुढे गेलं तर काय बिघडलं?

ताप गेल्यावर डॉक्टरांच्या परवानगीने मी पुन्हा पहिल्या आठवड्यापासून सुरुवात केली. पुढच्या ऑगस्टमध्ये दहा किलोमीटर पूर्ण केले, 1 तास 24 मिनिटांत. माझ्यापुढे कितीतरी आजोबा होते! वजन फक्त चार किलो उतरलंय, पण एचबीए1सी आता 5.6 आहे.

तरुण मित्रमैत्रिणींनो, तुमच्यापैकी अनेकजण दिवसभर संगणकासमोर बसता. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्यात किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम करायला सांगते. म्हणजे पाच दिवस, रोज अर्धा तास. ध्येय मोठं ठेवा, पण पहिलं पाऊल इतकं छोटं ठेवा की कंटाळा आलेल्या दिवशीही टाकता येईल. खंड पडला तर स्वतःला दोष देत बसू नका, पुन्हा सुरू करा.

चिक्कडपल्ली स्टेशनवर मी आता लिफ्टकडे बघत नाही. परवा मुलगा मागून ओरडला, “आई, थांब ना, मला दम लागला!” मी वर थांबले. गाडी मात्र या वेळी त्याच्यासाठी सोडली.