छत्री-ब्रॅकेट (छायाचित्रण)

छत्री-ब्रॅकेट हा छायाचित्रणाच्या प्रकाशयोजनेत वापरला जाणारा एक लहान जोडभाग आहे. लाइट स्टँडचे वरचे टोक, फ्लॅश आणि प्रकाश पसरवणारी छत्री या तीन वस्तूंना तो एकत्र धरून ठेवतो व त्यांना हव्या त्या कोनात झुकवण्याची सोय करतो. भारतीय बाजारात तो ‘अंब्रेला होल्डर’ या नावानेही मिळतो. कॅमेऱ्यापासून दूर ठेवलेल्या फ्लॅशने छायाचित्रे घेताना लागणाऱ्या साहित्यात हा बहुधा सर्वांत स्वस्त भाग असतो आणि त्यामुळेच त्याच्या निवडीकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. तो निखळला तर नुकसान मात्र त्याच्या किमतीपुरते राहत नाही. दोन मीटर उंचीवरून फ्लॅश खाली येतो आणि समारंभाच्या गर्दीत त्याखाली कोणी उभे असण्याची शक्यता बरीच असते.

पार्श्वभूमी

कॅमेऱ्यावरच बसवलेल्या फ्लॅशचा प्रकाश चेहऱ्यावर समोरून पडतो. त्याने चेहरा सपाट दिसतो. फ्लॅश बाजूला व थोडा उंचावर नेला की नाक, गाल, कपाळ यांना उठाव येतो. तरीही सावल्यांच्या कडा तीव्रच राहतात, कारण फ्लॅशची काच जेमतेम काही सेंटिमीटरची असते. हाच प्रकाश छत्रीवर सोडला की प्रकाशाचा उगम जवळजवळ छत्रीएवढा मोठा होतो आणि सावल्या मऊ होतात. पांढऱ्या पारभासक छत्रीतून प्रकाश आरपार जातो, तर काळ्या पाठीच्या छत्रीच्या आतल्या बाजूवर आपटून तो परत येतो. ब्रॅकेट दोन्हींना तोच चालतो. छत्रीची दिशा व फ्लॅशचे तोंड यांत तेवढा फरक करावा लागतो.

स्टुडिओतील मोठ्या दिव्यांमध्ये छत्रीचा दांडा अडकवण्याची जागा सहसा दिव्यातच केलेली असते. कॅमेऱ्यावर बसवण्यासाठी बनवलेल्या लहान फ्लॅशला अशी जागा नसते. ब्रॅकेटची गरज येथे निर्माण होते. ‘बाल्टिमोर सन’ या अमेरिकी दैनिकात छायाचित्रकार असलेल्या डेव्हिड हॉबी यांनी २००६ साली ‘स्ट्रोबिस्ट’ या नावाने लहान फ्लॅश कॅमेऱ्याबाहेर वापरण्याचे धडे विनामूल्य देण्यास प्रारंभ केला. डिजिटल कॅमेऱ्यामुळे प्रकाशाचा परिणाम तत्काळ पाहता येऊ लागला होताच. त्यामुळे स्टुडिओ नसलेल्या हौशी छायाचित्रकारांमध्येही ही पद्धत पसरली.

रचना

ब्रॅकेटच्या खालच्या भागात स्टँडच्या खुंटीवर बसणारे भोक असते. ही खुंटी बहुतेक ठिकाणी ५/८ इंच, म्हणजे सुमारे १६ मिलिमीटर जाडीची असते. आपल्याकडील कारागिरांच्या भाषेत सांगायचे तर पाच सुताची. मध्यभागी झुकवण्याचा सांधा असतो. वरच्या भागात छत्रीचा दांडा घालण्यासाठी आडवे भोक व तो आवळणारा स्क्रू असतो. सर्वांत वर फ्लॅशचा पाय सरकवण्यासाठी कोल्ड शू असतो किंवा १/४ वा ३/८ इंच आट्यांची पितळी खुंटी असते, जिच्यावर कोल्ड शू वेगळा बसवावा लागतो.

फ्लॅशचे डोके छत्रीच्या दांड्यापेक्षा बरेच वर असते. म्हणून काही ब्रॅकेटमध्ये छत्रीचे भोक मुद्दाम किंचित तिरपे पाडलेले असते. योग्य बाजूने दांडा घातला तर छत्रीचा मध्य फ्लॅशच्या समोर येतो. उलट बाजूने घातला तर तो आणखी दूर जातो आणि प्रकाशाचा काही भाग छत्रीबाहेर वाया जातो.

ब्रॅकेटवर येणारा भार

विक्रेते ब्रॅकेटची ताकद किलोग्रॅममध्ये सांगतात. हा आकडा बहुधा सरळ उभ्या भाराचा असतो. प्रत्यक्षात ब्रॅकेट वजनाने क्वचितच मोडतो. तो मोडतो पिळाने. कॅननच्या ६००ईएक्स-आरटी या फ्लॅशचे वजन बॅटरीशिवाय ४२५ ग्रॅम आहे. चार एए बॅटऱ्या घातल्यावर ते अर्ध्या किलोच्या थोडे पुढे जाते. एवढे वजन कोणताही ब्रॅकेट पेलतो. परंतु शूमध्ये आधी रेडिओ ट्रिगर व त्यावर फ्लॅश अशी उतरंड रचली की वजनाचा मध्य सांध्यापासून वर सरकतो, आणि ब्रॅकेट पुढे झुकवताच हे वजन तरफेसारखे काम करू लागते.

छत्रीचा प्रश्न याहून मोठा आहे. एक मीटर व्यासाच्या उघड्या छत्रीच्या पोकळ बाजूवर ताशी १८ किलोमीटर वेगाचा वारा थेट आला, तर साधारण दीड ते पावणेदोन किलो वजनाएवढा जोर पडतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. ताशी ३६ किलोमीटरला तो साडेसहा किलोच्या घरात जातो. छत्री सांध्यापासून सुमारे अर्धा मीटर पुढे असल्याने वारा तिरपा आला की यातील बराच जोर सांधा पिळण्यात खर्च होतो. बंद खोलीत वर्षानुवर्षे टिकलेला ब्रॅकेट गच्चीवर पहिल्याच संध्याकाळी तुटतो, त्याचे कारण हे आहे. अशा वाऱ्यात चांगला ब्रॅकेटही पुरेसा नसतो. सांधा टिकला तर संपूर्ण स्टँड कलंडतो, म्हणून त्याच्या पायांशी वाळूची पिशवी ठेवतात किंवा एक माणूस धरून उभा करतात.

टिकाऊपणा ठरवणारे भाग

संपूर्ण ब्रॅकेट धातूचा आहे की प्लॅस्टिकचा, एवढ्यावर निर्णय करणे पुरेसे नाही. काचतंतू मिसळलेल्या नायलॉनचे अंग चांगले टिकते, आणि हलक्या प्रतीच्या जस्त-मिश्रधातूचे ओतकाम आघाताने तडकू शकते. खरी परीक्षा सांधा, आटे आणि शू या तीन जागी होते.

सांधे दोन प्रकारचे असतात. दातेरी सांध्यात दोन्ही चकत्यांचे दाते एकमेकांत बसतात. नीट बसले तर असा सांधा घसरत नाही. मात्र कोन टप्प्याटप्प्यानेच बदलता येतो. दाते पूर्ण सैल न करता ब्रॅकेट फिरवला की त्यांची टोके झिजतात, आणि प्लॅस्टिकचे दाते तर काही वेळातच गुळगुळीत होतात. त्यानंतर कितीही आवळले तरी छत्री हळूहळू मान टाकते. दुसरा प्रकार घर्षणाच्या सांध्याचा. त्यात कोन हवा तसा मिळतो, पण पकड सर्वस्वी आवळण्यावर अवलंबून असते, म्हणून लिव्हर लांब व धातूची असावी लागते. इटलीतील मॅनफ्रोटो कंपनीचा ‘०२६’ हा ॲल्युमिनियमचा ब्रॅकेट या क्षेत्रात अनेक वर्षे प्रमाण मानला गेला आहे. त्याच्याबरोबर कोल्ड शू मात्र वेगळा घ्यावा लागतो, हे स्वस्त ब्रॅकेटशी किमतीची तुलना करताना ध्यानात ठेवावे.

आट्यांचा विचार बहुतेक खरेदीदार करत नाहीत. स्टँड व छत्री आवळणारे स्क्रू थेट प्लॅस्टिकमध्ये फिरत असतील, तर ते आटे लवकर मरतात आणि ब्रॅकेट निकामी होतो. प्लॅस्टिकच्या अंगात पितळी बुश बसवलेले असेल तर हा दोष उरत नाही. स्क्रू काढून भोकात डोकावले की पिवळा धातू दिसतो किंवा दिसत नाही. या तपासणीस अर्धा मिनिटही लागत नाही, आणि किंमत किंवा नाव यांपेक्षा ती अधिक सांगून जाते.

कोल्ड शू हा तिसरा आणि सर्वांत घातक दुवा होय. अनेक ब्रॅकेटमध्ये फ्लॅशचा पाय एका बाजूने दाबणारा एकच लहान स्क्रू असतो. स्टँड उचलून इकडेतिकडे नेताना तो सैल होतो, आणि सैल झाल्याचे दिसत नाही. शूची बाजू प्लॅस्टिकची असेल तर स्क्रू आवळताना ती बाहेर फाकते. पाय दोन्ही कडांनी सारखा पकडणारा किंवा मागून अटकाव असणारा शू अधिक सुरक्षित असतो. शू पूर्ण धातूचा असेल तर वेगळीच अडचण संभवते: फ्लॅशच्या पायाखालील विद्युत-टोके धातूला टेकून फ्लॅश अवेळी उडू शकतो किंवा मुळीच उडत नाही. शूच्या तळाशी विजेच्या कामाची चिकटपट्टी लावली की हा दोष जातो.

गोडॉक्स कंपनीच्या ‘एस’ प्रकारच्या ब्रॅकेटने या दुव्यालाच वळसा घातला. त्यात फ्लॅश पायावर उभा राहत नाही. त्याचे डोके दोन जबड्यांमध्ये धरले जाते. पायावरील ताण त्यामुळे नाहीसा होतो, आणि पुढील कड्यावर सॉफ्टबॉक्सही बसवता येतो. आकाराने तो मोठा व अवजड आहे. केवळ छत्री वापरणाऱ्याला त्याची आवश्यकता असतेच असे नाही, परंतु जड फ्लॅशसाठी तो निश्चितच उजवा ठरतो.

खरेदीपूर्वी दुकानातच ब्रॅकेट स्टँडवर बसवून, छत्री उघडून, तो पंचेचाळीस अंशांत झुकवावा आणि छत्रीचे टोक बोटाने हलके दाबून पाहावे. सांधा घसरतो की नाही हे लगेच कळते. छत्रीचा दांडाही आपलाच न्यावा. दांड्यांची जाडी कंपनीनुसार साधारण ७ ते १० मिलिमीटरपर्यंत असते, आणि बारीक दांडा मोठ्या भोकात कधीच नीट बसत नाही. पोकळ दांडा फार आवळला की चेपतो. एकदा चेपला की पुढच्या वेळी तो त्याच खाचेत बसतो व फिरवता येत नाही.

देखभाल

सांध्याच्या चकत्यांना तेल लावू नये, कारण घर्षण हाच त्यांचा आधार असतो. आट्यांना मात्र अधूनमधून किंचित ग्रीस लावणे हितकारक असते. समुद्रकिनारी काम केल्यावर अधिक काळजी घ्यावी लागते. खारी हवा व ओलावा यांच्या सान्निध्यात पितळ आणि ॲल्युमिनियम एकमेकांना टेकून असतील तर ॲल्युमिनियम गंजते आणि पांढरी पूड धरून खुंटी ब्रॅकेटमध्ये घट्ट रुतून बसते. कोकणात किंवा गोव्यात किनाऱ्यावर विवाहपूर्व छायाचित्रे काढणाऱ्यांनी परतल्यावर खुंटी बाहेर काढून, ओल्या फडक्याने मीठ पुसून, दोन्ही भाग वेगवेगळे वाळवावेत. स्टँडवर चढवलेला ब्रॅकेट तसाच पिशवीत ठेवला तर ही रुतण्याची क्रिया पिशवीतही चालू राहते.