कोणता पत्ता कोणाचा?

कल्याण-डोंबिवलीत घरी नवा राउटर आणला की अनेकदा नेट चालू होत नाही. केबलवाल्याला फोन केला, की तो म्हणतो, “राउटरच्या खाली मॅक नंबर असेल, तो सांगा.” बारा अंकाक्षरांचा हा क्रमांक यंत्राला कारखान्यातच मिळतो. आयपी पत्ता मात्र नेटवर्क देतं आणि तो बदलू शकतो.

या दोघांची सांगड ‘एआरपी’ हा नियम घालतो. यंत्र सगळ्यांना विचारतं, ‘१९२.१६८.१.१ कोणाकडे आहे?’ आणि येईल ते उत्तर खरं मानतं. १९८२ साली हा नियम लिहिला गेला, तेव्हा उत्तर देणाऱ्याची खातरजमा करायची सोयच ठेवली नव्हती. त्यामुळे ठाण्यातल्या एखाद्या ऑफिसात कुणी लॅपटॉप जोडून ‘राउटर मीच’ असं सांगू लागला, तर सगळ्यांचा मजकूर त्याच्या हातून जाऊ शकतो. छोट्या ऑफिसांत याकडे कुणी बघत नाही, हे मला फार खटकतं.

उपाय फुकट आहे. अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत तयार झालेला ‘आर्पवॉच’ हा प्रोग्रॅम जुन्या लिनक्स पीसीवरही चालतो. नवं यंत्र दिसलं, आयपीमागचा मॅक बदलला किंवा दोन मॅक एकाच आयपीवर आलटून-पालटून दिसू लागले, की तो मेल धाडतो. यातला राउटरच्या आयपीबद्दलचा मेल आला, तर हातातलं काम टाकून तपासा. नवे फोन गोपनीयतेसाठी बनावट मॅक दाखवतात, त्यामुळे नाहक मेलही येतात. फोनना वेगळं गेस्ट वायफाय दिलं की ते थांबतात.