पेंटबॉल गनची हवेची नळी : फिटिंग निवडताना काय बघायचं?

लोणावळा-कर्जतकडच्या ॲडव्हेंचर पार्कांमुळे पेंटबॉल हा खेळ आता आपल्याकडेही माहीत झाला आहे. जिलेटिनच्या कवचात रंग भरलेली, साधारण १७ मिलिमीटर व्यासाची गोळी बंदुकीतून सुटते आणि समोरच्याच्या अंगावर फुटून डाग पाडते. या बंदुकीत दारू नसते. गोळीला ढकलते ती दाबाखालची हवा किंवा कार्बन डायऑक्साइड वायू. आज आपण बघणार आहोत ती बाटलीतून बंदुकीपर्यंत हा वायू नेणारी वीतभर नळी आणि तिच्या दोन टोकांची फिटिंग. फिटर ट्रेडच्या मुलांनी हे जरूर वाचावं, कारण दाब, आटे आणि ओ-रिंग हे तिन्ही धडे इथे एकाच वस्तूत भेटतात.

हा खेळ १९८१ साली अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात सुरू झाला. जंगलात झाडांवर रंगाच्या खुणा करण्यासाठी बनवलेली पिस्तुलं घेऊन बारा जण खेळले. त्या पिस्तुलात १२ ग्रॅम वायूची छोटी कुपी थेट बसायची, त्यामुळे नळीची भानगडच नव्हती. पुढे जास्त गोळ्या मारता याव्यात म्हणून मोठी बाटली आली. ती मुठीखाली लागली, वायू मात्र पुढच्या रेग्युलेटरला द्यायचा होता. मग नळी आली, आणि नळीबरोबर गळतीही आली.

आधी दाबाचा अंदाज घेऊ. घरच्या कुकरमध्ये बाहेरच्यापेक्षा साधारण १ बार जास्त दाब असतो. गाडीच्या टायरमध्ये सव्वादोन बारच्या आसपास, गॅरेजच्या कॉम्प्रेसरला ८ ते १० बार. पेंटबॉलच्या हवेच्या बाटलीत ३००० किंवा ४५०० पीएसआय, म्हणजे २०७ किंवा ३१० बार दाब भरतात. बाटलीच्या तोंडावरचा रेग्युलेटर तो उतरवतो, पण उतरवूनसुद्धा नळीत बहुधा ८०० ते ८५० पीएसआय येतो. ८५० म्हणजे जवळजवळ ५९ बार. काही रेग्युलेटर ४५० पीएसआयचे असतात, तरी तेही ३१ बार झाले.

आता बल = दाब × क्षेत्रफळ हे सूत्र लावा. नळीचा बाहेरचा व्यास पाव इंच, म्हणजे ६.३५ मिमी. छेदाचं क्षेत्रफळ ०.३२ चौरस सेंटिमीटर. कॉम्प्रेसरच्या ८ बारला ही नळी फिटिंगमधून बाहेर ढकलणारं बल येतं जेमतेम अडीच किलो. ५९ बारला तेच होतं १९ किलो. तेलाचा १५ किलोचा डबा त्या नळीला टांगला तरी एवढा ओढ बसणार नाही! आणि हे बल झटक्याने येतं, व्हॉल्व्ह उघडल्याबरोबर.

खरी गोम इथेच आहे. हार्डवेअरच्या दुकानात निळ्या-काळ्या प्लास्टिकची 'पुश' फिटिंग स्वस्तात मिळतात. दिसायला ती पेंटबॉलच्या फिटिंगसारखीच, नळी आत दाबली की 'टक्' करून बसते. पण ती कारखान्यातल्या न्यूमॅटिक लाइनसाठी असतात, साधारण १० बारच्या. आपल्याला हवं त्याच्या सहापट. शिवाय ती बहुतेक ६ मिमीच्या नळीची असतात आणि पेंटबॉलची नायलॉन नळी ६.३५ मिमीची. उलट बाजूने, पाव इंचाच्या फिटिंगमध्ये ६ मिमीची नळी अगदी सहज जाते, आणि ०.३५ मिमीच्या त्या फरकामुळे आतल्या दातांची पकड अर्धवटच बसते. बाजारात हातात घेऊन ओढून बघाल तर सुटणार नाही. पण हाताची ओढ म्हणजे ५९ बार नव्हे. म्हणून पहिला प्रश्न 'बसतं का?' हा नाही. फिटिंगवर किंवा तिच्या माहितीपत्रकात कामाचा दाब किती लिहिलाय, तो आधी बघा. काहीच लिहिलेलं नसेल तर सरळ परत ठेवा.

दुसरी गोष्ट आट्यांची. पेंटबॉलचं सामान अमेरिकन चालीचं, त्यामुळे नळीच्या फिटिंगचे आटे १/८ एनपीटी असतात. आपल्याकडे नळाचं, कॉम्प्रेसरचं सामान बहुतेक बीएसपी. नाव दोघांचं '१/८'च! एनपीटीला इंचाला २७ आटे आणि आट्याचा कोन ६० अंश. बीएसपीला इंचाला २८ आटे आणि कोन ५५ अंश. बाहेरचा व्यासही वेगळा, एनपीटीचा सुमारे १०.३ मिमी, बीएसपीचा ९.७ मिमी. एकमेकांत फिरवले तर दोन-तीन फेरे जातात, मग अडकतात, आणि आपल्याला वाटतं 'छान घट्ट झालं'. प्रत्यक्षात दोन-तीन आट्यांच्या टोकांवर सगळा भार असतो. बंदुकीची बॉडी ॲल्युमिनियमची असल्यामुळे नुकसान तिचंच होतं, आटे खरवडून निघतात. पिच गेज लावून बघायला दहा सेकंद लागतात. वर्कशॉपमध्ये तो असतोच, वापरत मात्र कुणी नाही.

एनपीटी आटे निमुळते असतात. ते एकमेकांत रुतून सील होतात, म्हणून त्यांना टेफलॉन टेप लागतो. टोकाचा पहिला आटा मोकळा सोडून, आटे आवळण्याच्या दिशेने दोन-तीन वेढे घाला. टोकावर टेप आला तर त्याचे तुकडे रेग्युलेटरमध्ये जाऊन बसतात. हाताने घट्ट झाल्यावर पान्याने दीडेक फेरा पुरे. बाटलीच्या तोंडाचे आटे मात्र समांतर असतात, तिथे सील करते ती ओ-रिंग. त्या आट्यांवर टेप लावायचा नाही. गळती झाली तर ओ-रिंग बदला, बाटली आवळत बसू नका.

नळी दोन प्रकारची. नायलॉनची नळी हवी तेवढी कापता येते, पण काप धारदार पात्याने आणि काटकोनातच घ्यायला हवा. कात्रीने चेपलेलं टोक ओ-रिंगला नीट भिडत नाही. काढ-घाल करून टोकावर ओरखडे आले की सेंटिमीटरभर कापून टाकायचं, म्हणून सुरुवातीला नळी थोडी लांबच ठेवावी. दुसरी नळी स्टेनलेस स्टीलच्या जाळीची. ती ठरलेल्या लांबीत येते आणि नायलॉनपेक्षा दणकट असते. घेताना तिचं एक टोक फिरतं आहे ना, ते पाहा. दोन्ही टोकं पक्की असतील तर एक आवळताना दुसरं सैल होतं.

वायू कोणता, यावरही निवड ठरते. बाटलीतला कार्बन डायऑक्साइड द्रवरूप असतो. बंदूक तिरकी झाली की द्रव नळीत शिरतो आणि सगळं गारठवतो. ओ-रिंग कडक होते, नायलॉनही. तिथे जाळीचीच नळी घ्यावी. शिवाय या वायूचा दाब तापमानावर नाचतो : ० अंशाला ३५ बार, २० अंशाला ५७, ३० अंशाला ७२. आपल्या मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत ठेवलेल्या बाटलीचं काय होईल, ते तुम्हीच ठरवा. साध्या नायट्राइल रबरात हा वायू मुरतो आणि दाब एकदम उतरला की रिंग फुगते. म्हणून पॉलियुरेथेनची ओ-रिंग चांगली. हवेच्या बाटलीला तो त्रास नाही, पण तिच्या भरण्याच्या निपलला तेल किंवा ग्रीस अजिबात लावू नका. ३०० बारची हवा झपकन दाबली जाते तेव्हा तापते आणि तेल पेटू शकतं. डिझेल इंजिनात याच तत्त्वावर काम चालतं.

शक्य असेल तर बाटली बसते त्या ठिकाणी चालू-बंद करणारा आणि नळीतली हवा सोडून देणारा अडॅप्टर घ्या. तो नसेल तर बाटली भरल्या दाबावर फिरवून काढावी लागते आणि दर वेळी ओ-रिंग झिजते. बाटली काढताना एकीकडे लक्ष हवंच : अडॅप्टरमधून बाटली सुटतेय, की बाटलीतून तिचा व्हॉल्व्हच सुटतोय? व्हॉल्व्ह सुटला तर बाटली रॉकेटसारखी उडते, आणि अमेरिकेत अशा अपघातांत माणसं दगावली आहेत. म्हणून व्हॉल्व्ह आणि बाटली यांच्या जोडावर नेलपॉलिशची एक उभी रेघ ओढतात. रेघ तुटलेली दिसली की फिरवणं तिथेच थांबवायचं आणि बाटली जाणकाराकडे द्यायची.

जोडणी झाली की गोळ्या न भरता, गॉगल लावून, नळी तोंडापासून लांब धरून हवा हळूहळू सोडा. प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावा. आट्यांवर बुडबुडे आले तर टेप पुन्हा लावायचा, नळीच्या तोंडाशी आले तर टोक पुन्हा कापायचं. पण त्याआधी हवा पूर्ण काढून टाका. दाब असताना पाना लावायचा नाही.