भुजंगधारीच्या दिशेने निघालेली दोन गाणी

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पाऊस आवरता घेतो, तेव्हा गारगोटीत संध्याकाळी साडेसातच्या सुमारास मोकळ्या जागी पश्चिमेकडे तोंड करून उभं राहावं. क्षितिज आणि डोक्यावरचा माथा यांच्या साधारण मधोमध भुजंगधारी हा पसरट तारकासमूह दिसतो. त्याच्या वरच्या टोकाच्या ताऱ्याजवळ, त्याच दिशेला ‘व्हॉयेजर १’ हे यान आहे. ते कुठल्याही दुर्बिणीतून दिसणार नाही, पण दिशा तीच. मग दक्षिणेकडे वळावं. क्षितिजापासून जेमतेम १५ अंश वर मयूर तारकासमूह असतो, त्या दिशेला ‘व्हॉयेजर २’. गारगोटी सुमारे १६ अंश उत्तर अक्षांशावर आहे, म्हणून दोन्ही दिशा एकाच वेळी दाखवता येतात. दिल्लीहून पाहिलं तर दुसऱ्या यानाची जागा क्षितिजाला जवळजवळ चिकटलेली असते.

या दोन्ही यानांवर तांब्याची, सोन्याचा मुलामा दिलेली एकेक १२ इंची तबकडी बसवलेली आहे. खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांच्या छोट्या गटाने १९७७ साली ती काही आठवड्यांत तयार केली. ५५ भाषांतल्या शुभेच्छा, पृथ्वीवरचे आवाज, शंभराहून अधिक चित्रं आणि सुमारे ९० मिनिटांचं संगीत त्या तबकडीच्या खाचांत आहे. शुभेच्छांमध्ये मराठी आहे, शेजारची कानडीही आहे. संगीताच्या २७ तुकड्यांपैकी सातवा म्हणजे अमेरिकन गायक-गिटारवादक चक बेरी यांचं ‘जॉनी बी. गुड’. पंचविसावा म्हणजे सुरश्री केसरबाई केरकर यांची भैरवी, ‘जात कहाँ हो’. पहिलं गाणं शिकागोतल्या स्टुडिओतलं, दुसऱ्याची मुळं गोव्यात आणि आपल्या कोल्हापुरात. गाणं टिकतं म्हणजे नेमकं काय टिकतं, हा प्रश्न मला या जोडीमुळे पडतो.

आधी धातूचं पाहू. ध्वनी म्हणजे हवेच्या दाबातला चढउतार. तबकडी कापणारी सुई तोच चढउतार खाचेच्या वळणांत उतरवते आणि वाजवणारी सुई त्या वळणांवरून जाताना तशीच थरथरते. व्हॉयेजरची तबकडी मिनिटाला १६⅔ फेरे या वेगासाठी कापली आहे, म्हणजे नेहमीच्या एलपीच्या निम्म्या वेगाने. वेग निम्मा केला की त्याच जागेत दुप्पट वेळ मावतो, पण त्याची किंमत मोजावी लागते. सेकंदाला ५,००० कंपनं असलेल्या सुराचं एक कंपन जुन्या ७८ फेऱ्यांच्या १० इंची तबकडीच्या कडेला सुमारे २०० मायक्रॉन लांबीत पसरतं. व्हॉयेजरच्या तबकडीत त्याला कडेलाही ५० मायक्रॉनच जागा मिळते, आणि आतल्या फेऱ्यांत त्याहून कमी. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाडीचा असतो. म्हणून उंच सुरांचा बारकावा काहीसा हरवतो. जास्त लोकांचं संगीत घ्यायचं की थोडंच पण जास्त स्पष्ट घ्यायचं, यात त्या गटाने पहिला पर्याय निवडला. मला तो योग्य वाटतो.

वेग कुणाला, कसा सांगायचा? सेकंद हे आपलं माप, परक्यांना ते ठाऊक असायचं कारण नाही. म्हणून तबकडीच्या ॲल्युमिनियमच्या वेष्टनावर हायड्रोजन अणूचं चित्र कोरलं आहे. या अणूची एक अवस्था बदलते तेव्हा २१ सेंटिमीटर लांबीची रेडिओलहर बाहेर पडते आणि तिच्या एका कंपनाला ०.७ नॅनोसेकंद लागतात. विश्वात सगळीकडे हायड्रोजन तसाच वागतो. तबकडीच्या एका फेऱ्याला लागणारे ३.६ सेकंद या एककात, शून्य आणि एक अशा चिन्हांनी लिहिले आहेत. नारायणगावजवळ खोडदला प्रा. गोविंद स्वरूप यांनी उभ्या केलेल्या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या ३० तबकड्या अवकाशातली हीच हायड्रोजनची लहर टिपू शकतात. ज्याच्याकडे अशी दुर्बीण असेल, त्याला वेष्टनावरचं ते कोडं सुटण्याची आशा आहे. तो आकडा चुकला तर? तबकडी नेहमीच्या एलपीच्या वेगाने फिरवली, तर केसरबाईंचा आवाज बरोबर एक सप्तक वर जाईल आणि भैरवी निम्म्या वेळात संपेल.

वेष्टनावर युरेनियम-२३८चा एक लहानसा ठिपकाही चढवलेला आहे. त्याचं अर्धं द्रव्य विघटित व्हायला सुमारे ४५० कोटी वर्षं लागतात. किती उरलंय ते मोजलं की तबकडीचं वय कळतं. ताऱ्यांमधल्या पोकळीत गंज नाही, वारा नाही, फक्त अतिसूक्ष्म धुळीचे कण आदळत राहतात. त्यामुळे खाचा १०० कोटी वर्षांहून जास्त टिकतील असा अंदाज आहे.

इतक्या दूरच्या प्रवासासाठी ‘जॉनी बी. गुड’ का? लोकसंगीताचे मोठे अभ्यासक ॲलन लोमॅक्स यांनी विरोध केला होता. रॉक अँड रोल हे पोरवयाचं संगीत आहे, असं त्यांचं म्हणणं. पृथ्वीवर पोरवयाची माणसंही पुष्कळ आहेत, असं उत्तर सेगन यांनी दिलं आणि गाणं राहिलं. हे उत्तर मला पटतं, कारण त्यात हजरजबाबीपणाबरोबर न्यायही आहे.

गाणं ध्वनिमुद्रित झालं जानेवारी १९५८ मध्ये, चेस या कंपनीसाठी. लांबी अडीच मिनिटांहून थोडी जास्त. सुरुवातीचा गिटारचा तो प्रसिद्ध तुकडा बेरी यांनी शून्यातून काढलेला नाही. लुई जॉर्डन यांच्या १९४६ सालच्या एका गाण्यात कार्ल होगन यांनी गिटारवर जवळपास तोच तुकडा वाजवला आहे. बेरी यांनी तो उचलला, वेग वाढवला, दोन तारा एकदम छेडून धारदार केला. त्यात एक गंमत अशी की त्यांची गिटार प्रत्येक मात्रेचे दोन सारखे भाग पाडते, तर ड्रमवरचे फ्रेड बिलो जॅझच्या सवयीने पहिला भाग लांब आणि दुसरा आखूड ठेवतात. दोन्ही एकमेकांवर किंचित घासतात. मेंदूच्या चित्रणांतून असं दिसलं आहे की ठोका ऐकताना माणूस अगदी स्थिर बसला असला, तरी हालचाल सांभाळणारे मेंदूचे भाग जागे होतात. पुढचा ठोका कधी पडेल याचा अंदाज मेंदू बांधत असतो. लय अगदी सरळ असेल तर अंदाजाला काम उरत नाही, फार गुंतागुंतीची असेल तर तो बांधताच येत नाही. मधल्या पट्ट्यातल्या लयीला पाय सर्वांत आधी हलतो, आणि बेरी यांचं गाणं त्या पट्ट्यात बसतं.

ते पसरलं मात्र तबकडीमुळे. तबकडी स्वस्त होती, पुन्हा पुन्हा लावता येत होती, सुई उचलून तोच तुकडा शंभर वेळा ऐकता येत होता. इंग्लंडमधली मुलं अशीच शिकली. रोलिंग स्टोन्सची १९६३ सालची पहिली तबकडी बेरी यांच्याच गाण्याची होती. त्याच वर्षी बीच बॉइजचं एक गाणं बेरी यांच्या दुसऱ्या एका चालीवर निघालं. बीटल्सनी बीबीसीवर ‘जॉनी बी. गुड’ गायलं, जिमी हेंड्रिक्स यांनी १९७० साली ते वेगळ्याच वेगाने वाजवलं, पीटर टॉश यांनी १९८३ साली ते रेगेच्या लयीत नेलं. प्रत्येक नक्कल थोडी चुकीची, आणि त्या चुकीतूनच पुढचं गाणं.

आपल्याकडे ही लाट बेरी यांच्या गाण्याच्याही आधी पोचली होती. पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र, यांचं ‘इना मीना डिका’ हे ‘आशा’ चित्रपटातलं गाणं १९५७ सालचं. त्यामागे गोव्याच्या वादकांची मोठी पुण्याई आहे. चर्चच्या शाळांत स्वरलिपी शिकलेले आणि मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवणारे हे कलावंत चित्रपटाच्या वाद्यवृंदात आले. हळदोण्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट त्यांतलेच, सी. रामचंद्र यांच्या गाण्यांत त्यांचा हात होता. परक्या चालीला मराठी कानाचा संगीतकार आणि गोव्याचा वादक मिळाला, की ती आपली होते.

केसरबाईंचा मार्ग मात्र वेगळा होता. जन्म १८९२ सालचा, गोव्यातल्या केरी गावचा. आठव्या वर्षी त्या कोल्हापुरात आल्या आणि काही महिने अब्दुल करीम खाँ यांच्याकडे शिकल्या. पुढे १९२१ पासून त्यांना अल्लादिया खाँ यांची तालीम मिळाली. हेच खाँसाहेब छत्रपती शाहू महाराजांच्या दरबारचे गायक होते. ध्वनिमुद्रणाबाबत केसरबाई इतक्या काटेकोर की त्यांच्या तबकड्या मोजक्याच निघाल्या. त्यांची भैरवी सुमारे साडेतीन मिनिटांची आहे, कारण ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला तेवढंच मावतं. रंगली तर तासभर चालणारी गायकी खाचेच्या लांबीत बसवावी लागली. बेरी यांचं गाणं मुळातच त्या लांबीचं होऊन जन्मलं.

केसरबाईंची विद्या पुढे गेली ती समोरासमोर बसून. कोल्हापुरात जन्मलेल्या धोंडूताई कुलकर्णी आधी अल्लादिया खाँ यांचे पुत्र भूर्जी खाँ यांच्याकडे शिकल्या आणि १९६२ पासून मुंबईत केसरबाईंकडे. खाचेतून आलाप ऐकता येतो. तो कुठे थांबवायचा, श्वास कुठे लपवायचा, हे गुरू चूक दाखवतो तेव्हाच कळतं. म्हणून माझं ठाम मत असं, की धातू टिकवतो तो एका दिवशी निघालेला आवाज. गाणं टिकतं ते दुसऱ्या कुणी ते उचलून घेतलं तरच. तबकडीवरून शिकणारी मुलं मिळाली म्हणून बेरी यांचं गाणं जगभर गेलं. केसरबाईंच्या गाण्याला वर्षानुवर्षं समोर बसणारी शिष्या लागली.

धातूचाही भरवसा केव्हा संपेल सांगता येत नाही. संगीताचे अभ्यासक रॉबर्ट ब्राउन यांनी ही भैरवी हवीच असा आग्रह धरला, तेव्हा ती तबकडी बाजारातून गेलेली होती. सेगन यांच्या गटातल्या ॲन ड्रुयन यांनी न्यूयॉर्क पालथं घातलं. शेवटी लेक्सिंग्टन ॲव्हेन्यूवर एका भारतीय कुटुंबाच्या विजेच्या उपकरणांच्या दुकानात, टेबलाखालच्या खोक्यात तिच्या तीन प्रती निघाल्या. ‘व्हॉयेजर १’ उडालं ५ सप्टेंबर १९७७ रोजी. केसरबाई १६ सप्टेंबरला गेल्या.

ते यान आज सेकंदाला १७ किलोमीटर वेगाने जात आहे. या वेगाने गारगोटी ते कोल्हापूर हे सुमारे ५० किलोमीटर अंतर तीन सेकंदांत संपेल. २०१२ च्या ऑगस्टमध्ये ते सूर्याच्या वाऱ्याच्या कक्षेबाहेर पडलं. त्याच्यापर्यंत प्रकाश पोचायला पूर्ण एक दिवस लागण्याचा टप्पा नोव्हेंबर २०२६ मधला, अंतर २,५९० कोटी किलोमीटर. प्लुटोनियमच्या उष्णतेवर मिळणारी वीज दर वर्षी सुमारे ४ वॅटने घटते आहे आणि उपकरणं एकेक करून बंद करावी लागत आहेत. तबकडीला मात्र वीज लागत नाही.

ही गोष्ट शाळेत करून पाहता येते, आणि डॉ. जे. पी. नाईक यांनी ग्रामीण शिक्षणाच्या प्रयोगासाठी जिथे मौनी विद्यापीठ उभं केलं, त्या गारगोटीत तर ती करावीच. खराब झालेली एखादी जुनी एलपी घ्यावी, कारण सुईने ती ओरखडणार आहे. जाड कागदाचा शंकू करून त्याच्या टोकाला शिवणाची सुई चिकटवावी, तबकडीच्या भोकात पेन्सिल घालून ती हाताने फिरवावी आणि सुई खाचेवर हलकेच टेकवावी. विजेशिवाय गाणं ऐकू येतं, कारण सुईची थरथर कागद हवेला देतो. एलपीचा खरा वेग म्हणजे १.८ सेकंदांत एक फेरा. मुलांना तो हाताने राखायला सांगावा. सूर वर-खाली घसरत राहतो आणि चार-पाच फेऱ्यांतच त्यांच्या लक्षात येतं, की वेष्टनावर हायड्रोजनचं घड्याळ का कोरावं लागलं.